सोसणं वेगळं, दमसास वेगळा

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. छापण्यापूर्वी थोडं आवरतं घेतलं आहे.)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘लांब पल्ल्याच्या शर्यती आणि आपण’ असा विषय वाचून तुमच्यापैकी काहीजणींनी एकमेकींकडे पाहिलं असेल. सकाळी आपण पोटगीच्या केसेसवर बोललो, रेशनवर बोललो. मग आता हे पोहणं, सायकल आणि धावणं कशाला? आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ ताईंनी मला तोंडावरच विचारलं होतं, “अगं, आपल्या बाया दिवसभर कामापाठी धावतातच. आणखी कुठे पळवतेस त्यांना?” प्रश्न रास्त आहे. आजचं माझं सगळं बोलणं म्हणजे ताईंच्या या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. ट्रायथलॉन म्हणजे एकापाठोपाठ एक तीन गोष्टी: पोहणं, सायकल चालवणं आणि धावणं. त्यातली सर्वांत प्रसिद्ध लांब शर्यत म्हणजे आयर्नमॅन. नावातच पुरुष आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्यात जवळजवळ ३.९ किलोमीटर पोहायचं, मग १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटर धावणं, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन. हे सगळं साधारण सतरा तासांत संपवावं लागतं. याच्या निम्म्या अंतराची शर्यत गोव्यात २०१९ साली सुरू झाली आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या बऱ्याच बायका या खेळाकडे वळल्या. मीही चाळिशीनंतर याचा सराव सुरू केला, आणि निम्म्या अंतराची शर्यत पुरी केली आहे. माझा नंबर शेवटून मोजायला सोपा पडतो, तेव्हा पराक्रम सांगायला मी उभी नाही. सराव करताना मला बाईच्या शरीराबद्दल आणि श्रमांबद्दल जे कळलं, ते आपल्या कामाचं आहे असं वाटतं, म्हणून बोलते आहे.

सुरुवात इतिहासापासून करू, कारण ‘बाईला हे झेपणार नाही’ हे वाक्य आपल्याला सगळीकडे भेटतं आणि इथे त्याचा अगदी तारीखवार हिशेब मिळतो.

१९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ८०० मीटर धावू दिलं. अंतिम शर्यतीत नऊजणी होत्या. जर्मनीची लीना राडके पहिली आली, जपानची हितोमी किनुए दुसरी. पहिल्या तिघींनी तोवरचा जागतिक विक्रम मोडला. पण वर्तमानपत्रांनी छापलं काय, तर बायका शर्यत संपल्यावर कोसळल्या, हे दृश्य पाहवत नव्हतं. जिवाच्या आकांताने धावल्यावर पुरुषही जमिनीवर आडवे होतात, त्याची बातमी होत नाही. बायकांच्या बाबतीत मात्र त्याचा निकाल लावला गेला. ही शर्यत ऑलिम्पिकमधून काढून टाकली आणि ती परत आली १९६० साली, रोममध्ये. बत्तीस वर्षं! एक अख्खी पिढी आणि वर थोडी.

१९६६ साली अमेरिकेत बॉबी गिब हिने बोस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज केला. तिला उत्तर आलं की बायकांची शरीरं इतकं अंतर धावायला सक्षम नसतात. त्या काळी तिथल्या संघटनेच्या नियमाप्रमाणे बायकांसाठी जास्तीत जास्त दीड मैलाची शर्यत मान्य होती. गिब भावाची चड्डी आणि टोपीचा सदरा घालून सुरुवातीच्या जागेजवळ झुडपात लपली आणि शर्यत सुटल्यावर घोळक्यात शिरली. तिने ३ तास २१ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉन पुरी केली. धावणाऱ्या पुरुषांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश तिच्या मागे होते. विशेष म्हणजे आजूबाजूच्या धावपटू पुरुषांनी तिला ओळखल्यावर हाकललं नाही, उलट कुणी अडवलं तर आम्ही पाहून घेऊ असंच ते म्हणाले. अडवणारे होते ते नियम सांभाळणारे.

पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, कॅथरीन स्विट्झर हिने अर्जावर नुसती आद्याक्षरं लिहिली आणि तिला २६१ क्रमांक मिळाला. वाटेत एका अधिकाऱ्याने तिच्या अंगावर धावून जाऊन तो क्रमांक फाडायचा प्रयत्न केला. त्याचे फोटो जगभर गेले. ती थांबली नाही, तिने शर्यत पुरी केली. बोस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ साली. त्या वर्षी आठजणी धावल्या आणि आठही जणींनी शर्यत पुरी केली.

दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची जवळजवळ ९० किलोमीटरची शर्यत आहे. तिथे १९२३ साली फ्रान्सेस हेवर्ड हिचा अर्ज नाकारला गेला. ती तरी धावली आणि साडेअकरा तासांच्या थोडं वर तिने अंतर पार केलं. त्या शर्यतीने बायकांना अधिकृतपणे घेतलं १९७५ साली. त्याच वर्षी काळ्या धावपटूंनाही दार उघडलं. दोन्ही कुलपं एकाच दिवशी निघाली, हे आपण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आयर्नमॅनची पहिली शर्यत हवाई बेटांवर १९७८ साली झाली. पंधराजण उतरले, सगळे पुरुष. दुसऱ्याच वर्षी लिन लेमेअर नावाची एक सायकलपटू बाई उतरली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. पुढे १९८२ साली ज्युली मॉस नावाची तरुणी पहिल्या क्रमांकावर असताना शेवटच्या काही मीटरवर कोसळली. दुसरी स्पर्धक पुढे निघून गेली आणि ज्युलीने सरपटत शेवटची रेषा ओलांडली. ते दूरचित्रवाणीवर दाखवलं गेलं आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. १९८४ साली लॉस एंजलिसला ऑलिम्पिकमध्ये बायकांची पहिली मॅरेथॉन झाली. जोन बेनॉइट जिंकली. त्याच शर्यतीत स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस उन्हाने लडखडत, वाकडी होत स्टेडियममध्ये आली. डॉक्टर शेजारून चालत होते, प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ती सदतिसावी आली.

आता तुलना करा. १९२८ साली बायका दमून खाली बसल्या तर शर्यत बंद झाली. १९८४ साली एक बाई खरोखर कोसळायच्या बेतात होती, तरी शर्यत बंद करा असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. या छप्पन्न वर्षांत बाईचं शरीर काही बदललेलं नव्हतं. मधल्या काळात बायका परवानगीशिवाय धावल्या, लेख लिहिले, समित्यांचे उंबरे झिजवले. नियम त्यामुळे बदलले.

हा झाला इतिहास. आता दुसरा भाग, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा.

बायका लांब पल्ल्याच्या शर्यती करतात असं म्हटलं की एक कौतुक हमखास ऐकू येतं: “करणारच! बाई मुळातच सोशिक असते. बाळंतपण सोसते, घर सोसते, तिला हे काय जड?” हे ऐकून आपल्यालाही बरं वाटतं. पण मैत्रिणींनो, या कौतुकापासून सावध राहा. सोसणं आणि दमसास या दोन गोष्टी एक नाहीत. एवढंच नाही, तर पहिली गोष्ट दुसरीला मारक आहे.

दमसास कसा वाढतो ते पाहू. मी आज आठ किलोमीटर धावले तर त्या धावण्याने माझी ताकद वाढत नाही, उलट कमी होते. स्नायूंना बारीक बारीक इजा होते, साठवलेली साखर संपते, पाणी आणि क्षार जातात. ताकद वाढते ती नंतर. मी जेवते, झोपते, दुसऱ्या दिवशी हलका सराव करते, तेव्हा शरीर ती झीज भरून काढतं आणि थोडं जास्तीचं बांधून ठेवतं. म्हणून सरावाच्या वेळापत्रकात विश्रांतीचा दिवस लिहिलेला असतो. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका ठेवतात. अंतर वाढवायचं तेही थोडं थोडं. म्हणजे समीकरण असं: श्रम, अधिक अन्न, अधिक विश्रांती, बरोबर ताकद. यातलं अन्न आणि विश्रांती वजा केली तर श्रमांतून फक्त झीज उरते.

आता आपल्या वस्तीतली, गावातली बाई डोळ्यांसमोर आणा. श्रम भरपूर. अन्न सर्वांत शेवटी आणि उरेल ते. विश्रांती म्हणजे आळस. तिचं समीकरण सुरुवातीपासूनच झिजेचं आहे. ताईंनी विचारलं होतं ना, बाया धावतातच, आणखी कशाला पळवतेस? त्याचं उत्तर इथे आहे. शेंदण्याने, वाहण्याने, उपसण्याने बाई कणखर होते हा समज खोटा आहे. ती झिजते, आणि त्या झिजेला आपण सोशिकपणा असं गोड नाव देतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. याच वयाच्या पुरुषांत तो २५ टक्के होता. रक्तातला लोहाचा अंश कमी असेल तर स्नायूंपर्यंत प्राणवायू पुरेसा पोचत नाही. जिना चढताना दम लागतो, पाय भरून येतात. आपण म्हणतो, वय झालं. धावणारी बाई सराव सुरू करते तेव्हा तिला पहिल्यांदा रक्त तपासायला सांगतात. आपल्या किती बायकांचं रक्त गरोदरपण सोडून कधी तपासलं गेलं आहे?

दुसरी एक गोष्ट खेळाडू मुलींच्या बाबतीत घडते. श्रम खूप, खाणं कमी, वर सडपातळ राहायचा धाक. अशा वेळी शरीर काटकसर करू लागतं आणि पाळी बंद होते. पूर्वी काही प्रशिक्षक हे चांगल्या सरावाचं लक्षण मानत. ते धोक्याचं लक्षण आहे. हाडं ठिसूळ होतात, वारंवार बारीक फ्रॅक्चर होतात, आजारपण लांबतं. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या अवस्थेवर स्वतंत्र निवेदन काढून तिला नाव दिलं. थोडक्यात, जगातल्या उत्तमातल्या उत्तम खेळाडूचं शरीरही उपाशी राहून सोसत नाही. मग आपण उपासतापास करणाऱ्या, पोटाला चिमटा काढणाऱ्या बाईचं कौतुक कोणत्या तोंडाने करतो?

शर्यतीतसुद्धा हाच धडा आहे. जोरात धावताना शरीरातली साठवलेली साखर दीड-दोन तासांत संपत येते. म्हणून लांब शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात जावंच लागतं. मी सायकलवर केळं, खजूर, गूळशेंगदाण्याचे लाडू घेऊन जाते. पहिल्या पहिल्यांदा मला चारचौघांत, रस्त्यावर, सायकलवर बसून खायला विलक्षण संकोच वाटायचा. भूक लागायच्या आत खायचं, तेही सगळ्यांच्या आधी, हे मला वयाच्या चाळिशीनंतर शिकावं लागलं.

२०१९ सालच्या जानेवारीत ब्रिटनमध्ये जास्मिन पॅरिस नावाच्या धावपटूने स्पाइन रेस जिंकली. साधारण ४३० किलोमीटरची डोंगरवाट, ऐन हिवाळा. ती ८३ तास १२ मिनिटांत पोचली. सगळ्या पुरुषांच्या आधी, आणि तोवरचा विक्रम बारा तासांनी मोडून. तिची मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती आणि वाटेतल्या थांब्यांवर ती तिच्यासाठी अंगावरचं दूध काढत होती. ही बातमी ‘आईची अफाट शक्ती’ म्हणून सगळीकडे फिरली. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती ८३ तास डोंगरात होती, तेव्हा तिचं मूल दुसरं कुणीतरी सांभाळत होतं. बाईच्या पराक्रमाची बातमी लिहिताना हे वाक्य नेहमी गळतं. त्याच वर्षी फिओना कोल्बिंगर या जर्मन डॉक्टर मुलीने युरोप आडवा पार करणारी सुमारे ४,००० किलोमीटरची सायकल शर्यत सगळ्या पुरुषांना मागे टाकून जिंकली. तिलाही दहा दिवस मोकळे होते. दहा दिवस मोकळे!

म्हणजे आपण वेळेवर येऊन पोचलो. २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार आपल्या देशात घरकाम करणारी बाई बिनपगारी घरकामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते, तर घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं. निम्म्या अंतराच्या ट्रायथलॉनसाठी आठवड्याला निदान आठ-दहा तास सराव लागतो. पुरुष पहाटे उठून सायकलवर जातो, तेव्हा तो परत येईपर्यंत चहा, नाश्ता, मुलांचे डबे झालेले असतात. बाई जाते ती डबे करून जाते किंवा जातच नाही. आमच्या घरात यावर बरीच वादावादी झाली. शेवटी आठवड्यातले चार दिवस सकाळचा स्वयंपाक नवरा आणि मुलगा यांच्याकडे गेला. सुरुवातीला पोळ्या नकाशासारख्या होत्या, आता गोल होतात. सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. पण त्यांच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हा सोबतीला त्यांनी मलाच हाक मारली.

वेळेनंतर जागा. आपल्याकडे बऱ्याच तलावांवर बायकांसाठी वेगळी वेळ असते, आणि ती बहुधा नोकरीच्या किंवा घरकामाच्या ऐन वेळी येते. नदीवर, विहिरीवर मुलगे पोहायला शिकतात, मुलींना काठावर कपडे धुवायला पाठवतात. पहाटे पाचला अंधारात रस्त्यावर धावताना मी कानात गाणी लावत नाही, कारण मागून येणाऱ्या मोटारसायकलचा आवाज ऐकू यायला हवा. माझ्याबरोबर सराव करणारे पुरुष वेगाचा हिशेब करतात. मी वेगाबरोबर दिव्याच्या खांबांचाही करते. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सायकलवरून साधारण २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा पुरी केली. स्पेनमध्ये तिला चाकूचा धाक दाखवून लुटलं. तरी ती पुढे गेली. तिचं धाडस मोठंच आहे, पण रस्त्यावर जायला धाडस लागू नये, ही आपली मागणी आहे.

आता वर्गाचा प्रश्न. हा खेळ महाग आहे हे मी लपवत नाही. चांगली सायकल, प्रवेश फी, प्रवास यांचा खर्च सामान्य घराला परवडत नाही. म्हणून या खेळात शहरी, नोकरदार, वरच्या थरातल्या बायकाच जास्त दिसतात. पण लांब पल्ल्याचं धावणं त्यांच्या मालकीचं नाही. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आधी मॅरेथॉन धावली आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. आणि बारामतीच्या लता भगवान करे यांना तुम्ही ओळखता. साठी ओलांडलेली मजूर बाई नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावली आणि ज्येष्ठांची शर्यत जिंकली. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. सगळ्यांनी डोळे पुसले. पण म्हाताऱ्या बाईला नवऱ्याच्या उपचारासाठी पळावं लागतं, ही प्रेरणादायी गोष्ट आहे की आपल्या आरोग्यव्यवस्थेवरचा आरोप? मला वाटतं दोन्ही, आणि दुसरी बाजू बोलायचं काम आपलं आहे.

सगळं अजून सुरळीत झालेलं नाही. २०१५ साली आयर्नमॅनच्या जागतिक स्पर्धेत व्यावसायिक पुरुषांना ५० जागा होत्या आणि बायकांना ३५. बायकांनी त्याविरुद्ध मोहीम काढली. २०२३ साली हवाईला ही स्पर्धा पहिल्यांदा फक्त बायकांची झाली आणि दोन हजारांवर बायका त्यात उतरल्या.

शेवटी, आपण काय करू शकतो? सर्वांनी ट्रायथलॉन करा असं मी म्हणणार नाही. प्रत्येक गटाने चार साध्या गोष्टी हाती घ्याव्यात असं सुचवते.

एक, गटातल्या सगळ्या बायकांचं हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासून घ्यायचं आणि ज्यांचं कमी येईल त्यांच्या गोळ्या आणि आहाराचा पाठपुरावा करायचा. दोन, आठवड्यातून तीन दिवस पंधरा-वीस जणींनी मिळून चालायला किंवा धावायला बाहेर पडायचं. साडी, सलवार, नाइटीवर ओढणी, काहीही चालेल. वीसजणी रोज एकाच वेळी निघाल्या की तो रस्ता हळूहळू आपला होतो, आणि बंद दिव्याची तक्रार वीस सह्यांनी जाते. तीन, नगरपालिकेच्या तलावावर बायकांची वेळ कोणती आहे ते विचारायचं, आणि सकाळ-संध्याकाळची वेळ आणि शिकवायला बाई मागायची. चार, आणि हे सर्वांत अवघड, आठवड्यातला एक दिवस घरात विश्रांतीचा म्हणून जाहीर करायचा. त्या दिवशी आजारपण, पाहुणे, सणवार काहीही सबब न सांगता बसायचं. कुणी ‘का बसलीस?’ विचारलं तर सांगायचं, आज माझा विश्रांतीचा दिवस आहे.

पुढच्या शिबिराला येताना यातलं काय जमलं, काय नाही आणि कुणी अडवलं, ते लिहून आणा. त्यावरच बोलू.

एवढं बोलून थांबते.